कवेलू काढून पाडलेला उजेड

लालीबाई राठोडला मी कुणावर थुंकताना कधी पाहिलं नव्हतं. पण दोन हजार सहा सालच्या भादव्यात ती आपल्या ओट्यावरून अंगणात थुंकली, आणि ते थुंकणं कशावर होतं हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळलं. मला तर जास्तच कळलं. ज्या वर्तमानपत्रावर ती थुंकली, ते मीच वाचून दाखवत होते.

मी तेव्हा बोरदरी तांड्यावरच्या शाळेत शिकवत होते. रोज पुसदहून एसटीनं फाट्यापर्यंत यायचं आणि तिथून दीड कोस पायी. तांडा गोरमाटी बंजाऱ्यांचा, घरं ऐंशी-पंच्याऐंशी. शाळेची एकच खोली, तीही गळकी, म्हणून मधल्या सुट्टीत माझा डबा लालीबाईच्या ओट्यावर उघडायचा. पोरं तिला याडी म्हणत, म्हणजे आई. मीही याडीच म्हणू लागले. पन्नाशी उलटलेली, हाडापेरानं मोठी बाई. कानाजवळच्या केसांत चांदीची घुगरी, जी त्यांच्यात नवरा असलेल्या बाईनंच घालायची असते.

त्या घराशी माझं आणखी एक नातं होतं. त्याचा दरवाजा माझ्या अब्बांच्या आजोबांनी घडवलेला. आमचं घराणंच पुसदच्या सुतारांचं. अब्बांचं नाव इकबाल, पण चार तालुक्यांत त्यांना इकबाल मिस्त्री म्हणूनच ओळखत. दर दोन-तीन वर्षांनी ते त्या घराचे वासे-बल्ल्या पाहायला यायचे, आणि मला लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून आणायचे. त्यामुळे ते घर कसं उभं राहिलं, ते मी तांड्यावर नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी ऐकलं होतं.

लालीबाईच्या नवऱ्याचं नाव देवीलाल. त्याचे आजोबा रामलाल नाईक. लहानपणी ते बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून बापाबरोबर मुलूखभर चालले होते. पुढे रेल्वे आली, ते काम बसलं आणि तांडा इथं डोंगराच्या कुशीत टेकला. रामलाल नाईक म्हणाले म्हणे, की सकाळी गुंडाळून बैलावर टाकता येतं अशा छपराखाली मी जन्म काढला, आता मला न हलणारं घर पाहिजे. मग दोन उन्हाळे त्यांनी फक्त भिंती उभारल्या. जवळच्या उठून गेलेल्या जुन्या गावाच्या टेकाडावरची पांढरी माती आणली, त्यात गव्हांडा, गव्हाचा भुसा, घालून बैलांच्या पायांनी पंधरा-पंधरा दिवस तुडवली. हातभर भिंत चढवायची, वाळू द्यायची, मग पुढची हातभर. पहिल्या उन्हाळ्यात भिंत छातीइतकी झाली. पावसाळाभर ती शिंदीच्या झापांनी झाकून ठेवली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पुरी केली. ती इतकी रुंद होती, की झरोक्यात खांद्यापर्यंत हात घातला तरी माझी बोटं पलीकडे निघत नसत.

चौदा खांब सागाचे. झरी जामणीकडच्या जंगलातून बैलांनी ओढत आणलेले. प्रत्येक खांबाखाली काळा घडीव दगड, म्हणजे उधळी, वाळवी चढत नाही. लोखंडी खिळा एक नाही. लाकूड लाकडात अडकवलेलं. समोर एवढा मोठा ओटा, की तांड्याचा न्यायनिवाडा करायला सगळे कर्ते पुरुष त्यावर मावत. दरवाजा मात्र ठेंगणा, आत जाताना प्रत्येकाला वाकावंच लागे. आत माजघर, त्याच्या डाव्या अंगाला कापसाची खोली, तिला एकही खिडकी नाही. कापसाला ठिणगी चालत नाही आणि ओलही. सगळ्यात मागं चुलीची खोली, वर बांबू आणि मातीचे कवेलू.

घरात अंधार असे. तो मुद्दाम केलेला होता. वैशाखात बाहेर उभं राहवत नाही तेव्हा त्या माजघरात माठातलं पाणी दातांना लागायचं. चुलीच्या खोलीतले बांबू धुरानं डांबरासारखे काळे, चकचकीत झालेले. मी एकदा लहानपणी त्यांना बोट लावून तोंड वाकडं केलं, तर अब्बा म्हणाले, "बेटा, हे घाण नाई. हा धूर हाये म्हणून तर बांबूले भुंगा लागत नाई. साठ साल झाले, एक बांबू बदलला नाई आमी."

आता त्या वर्षांचं सांगते. आमच्या जिल्ह्यात तेव्हा माणसं बघायला माणसं येत, पूर बघायला जातात तशी. कापसाचं बोंड अळीनं खाल्लेलं, भाव पडलेला, आणि दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव पेपरात. गाड्या यायच्या. पांढऱ्या, काळ्या काचांच्या. कुणी पुढारी, कुणी संस्थेचे, कुणी कॅमेरावाले. ते उतरले की आधी नाकाला रुमाल लावायचे आणि मग विचारायचे, "इथं कुणाकडं झालंय?" जणू लग्न कुणाकडं आहे विचारावं.

त्यांना घेऊन फिरायला तांड्यावर शाम होता. देवीलालचा पुतण्या, चाळिशीचा, एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेला. गाडीचा आवाज आला की तो धुतलेला शर्ट घालूनच बाहेर पडायचा.

श्रावणात, चार दिवस पावसानं उघडीप दिली होती तेव्हा, मोठ्या शहरातला एक छायाचित्रकार आला. खांद्याला दोन कॅमेरे, पायात जाड बूट. त्याला सुखीबाईचं घर पाहिजे होतं. सुखीबाईचा नवरा उकंडा आदल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात गेला होता. कसा गेला हे त्या वर्षांत कुणी विचारत नसे. शाम त्याला घेऊन गेला, आणि शाळा सुटली होती म्हणून मीही मागं गेले. मला वाटलं, बाई एकटी आहे, भाषेची मदत होईल.

सुखीबाईचं घर सरकारी घरकुल. विटांचं, वर पत्रा, बाहेरून गुलाबी रंग दिलेला. उकंडानं मरायच्या वर्षभर आधी हौसेनं दारावर पोपटाच्या चित्राची फरशी बसवली होती. छायाचित्रकारानं घर चारही बाजूंनी पाहिलं. मग शामला म्हणाला, "यात काही नाहीये. हे घर गुलाबी आहे हो. जुनं, मातीचं असं काही नाही का जवळपास?"

सुखीबाई दारातच उभी होती. तिनं ऐकलं.

शामनं त्याला लालीबाईकडे आणलं. लालीबाई नाही म्हणाली नाही. सुखीचं काम आहे, पाहुणा दारात आहे, एवढाच तिचा हिशोब. "या ना बाप्पा, घर काय पळून जाते काय," ती म्हणाली. तो वाकून आत शिरला आणि तिथंच थबकला. "बाप रे! काय हा अंधार. माणसं राहतात इथं?" चुलीच्या खोलीत जाऊन त्यानं काळ्या बांबूंवर बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "परफेक्ट."

पुढचा अर्धा तास तो खोली मांडत होता. त्यानं स्टीलच्या डब्यांची मांडणी हलवायला लावली. टीव्ही झाकायला लावला. भिंतीवरचं कॅलेंडर मीच खुंटीवरून काढलं, माझ्या हातानं, आणि गुंडाळी करून बाजूला ठेवलं. सुखीबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. तिला परत पाठवून जुनं नेसून आणलं. एवढं करूनही उजेड पुरेना. मग तो वर पाहून म्हणाला, "दोन-चार कौलं काढता येतील का? अगदी दोन मिनिटं."

शाम चढला. दोन-चार म्हणता म्हणता त्यानं तीस-चाळीस कवेलू काढले. चुलीच्या खोलीत उन्हाचा एक जाड खांब उभा राहिला आणि त्यात धूळ नाचू लागली. त्या उजेडात त्या खोलीनं पहिल्यांदाच स्वतःला उघडं पाहिलं असेल. सुखीबाईला त्याखाली बसवलं.

तिनं विचारलं, "रडू काय?"

"तुम्हाला वाटेल तसं," तो म्हणाला, "फक्त वर बघू नका."

सुखीबाई रडली नाही. दगडासारखी बसून राहिली. त्यानं बरेच फोटो काढले, पण त्याचा चेहरा काही खुलेना. तेवढ्यात लालीबाई चहा उतरवून पुढं आली. चूल ओल्या लाकडांनी धुपत होती, डोळ्यांत धूर गेलेला. तिनं पदरानं डोळे पुसले. कॅमेरा दोनदा वाजला. माणसाचा चेहरा उजळला, आणि चहा अर्धा ठेवून तो निघाला. शामही त्याच गाडीत बसून पुसदला गेला. "कवेलू संध्याकाळी ठेवतो वापस," असं तो गाडीतून ओरडला.

चार दिवस झाले तरी तो परत आला नाही. देवीलालचा गुडघा सुजलेला होता, त्याला चढवेना, आणि शाम आज येईल, उद्या येईल म्हणून त्यानं दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. खताच्या पिशव्या फाडून त्यानं काठीनं भोकावर सरकवल्या, वर दगड ठेवला. पाचव्या दिवशी झड लागली. वाऱ्यानं पिशव्या उडाल्या. मातीची भिंत बाजूनं कितीही भिजली तरी तग धरते, पण तिच्या डोक्यात पाणी शिरलं की ती पिते, आणि प्यायला लागली की थांबत नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या भिंतीनं पोट काढलं. देवीलालनं लालीबाईला हाताला धरून बाहेर ओढलं, आणि दुपारी तीनच्या सुमाराला भिंत चुलीवर बसली.

मी दुसऱ्या दिवशी गेले. वास लांबूनच आला. ऐंशी वर्षं भिंतीत कोंडलेला गव्हांडा कुजून आंबला होता, त्यात उंदरांची घरटी, मेलेली पिल्लं. बांबूंचा धूर पाण्यात विरघळून काळ्या शेंबडासारखा पिठाच्या कोठीत ओघळला होता. लालीबाई हातानं ते पीठ उपसत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाहा बाई. दोन मिनिटं म्हणे."

रविवारचा पेपर सोमवारी तांड्यावर आला. शाम पाच प्रती घेऊन आला होता, कवेलूंची आठवणही न काढता. ओट्यावर वीसेक माणसं जमली. मला वाचायला दिला. पाऊण पान फोटो. उन्हाच्या खांबाखाली लालीबाई पदरानं डोळे पुसते आहे, मागं काळेभोर बांबू. सुखीबाईची फक्त पाठ, कोपऱ्यात, तीही अर्धी कापलेली. मी मोठ्यानं वाचत गेले. वाचताना पुढचं कळायच्या आत तोंडातून निघून गेलं: "पती देवीलाल यांच्या आत्महत्येनंतर लालीबाईंच्या वाट्याला उरली आहे ही काळोखी, गुदमरलेली झोपडी."

देवीलाल बाजेवर गुडघ्याला एरंडाचं पान बांधून बसला होता. त्यानं विचारलं, "म्हणजे मी गेलतो काय?"

एक-दोघं हसले. लालीबाईनं पेपर माझ्या हातून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. ती फक्त फोटोकडे पाहत राहिली.

"घुगरी दिसून राह्यली ना हो यात," ती म्हणाली. "आंधळा होता काय तो? माणूस जिता हाये हे डोक्यावर घालून फिरतो आमी. त्याले एका शब्दानं विचारता नाई आलं?" मग शामकडे वळली. "अन् झोपडी? रामलाल नाईकाचं घर झोपडी?"

"काकी, नाव तर आलं पेपरात," शाम म्हणाला.

तेव्हा ती थुंकली.

तो प्रकार तिथंच संपता तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी झरी जामणीकडून जीप आली. लालीबाईचं माहेर तिकडचं. धाकटी बहीण मोतीबाई तांड्याच्या वेशीपासूनच रडत, छाती बडवत आली, मागं सहा बायका. लालीबाईच्या गळ्यात पडून त्या हंबरडा फोडत होत्या आणि लालीबाईला शब्द बोलायला मिळत नव्हता. त्याच वेळी देवीलाल पडलेल्या भिंतीची माती टोपल्यात घेऊन घराला वळसा घालून लंगडत आला. मोतीबाई किंचाळली. मग रडणं थांबवून तिनं त्याच्या पाठीत दोन्ही मुठींनी धबाधबा मारायला सुरुवात केली.

"फोटोत घुगरी दिसली ना बाई तुमाले?" मी तिला नंतर विचारलं.

"दिसली. आमाले वाटलं, फोटो जुना असंल. पेपरात खोटं कायले लिहतीन?"

त्या सगळ्यांना जेवायला घालावं लागलं. चूल मोडलेली, म्हणून अंगणात तीन दगडांवर. बायका जेवता जेवता हसत होत्या. लालीबाई वाढत होती, पण स्वतः जेवली नाही. म्हणाली, अन्नाला त्या पिठाचा वास येतो.

आणि मग मशीन आलं. आठवड्याभरानं एका संस्थेचा माणूस शिलाई मशीन जीपमध्ये बांधून आला. भला माणूस होता, घामेजलेला, हातात तो पेपर. त्यांच्या कुणा देणगीदारानं फोटो पाहून ते दिलं होतं. लालीबाईनं त्याला सगळं सांगितलं. नवरा समोर बसवून दाखवला. आणि म्हणाली, ज्या बाईचं हे दुःख आहे ती चार घरं सोडून राहते, चला. ती त्याला घेऊनच गेली. तो गुलाबी घरापाशी उभा राहिला आणि अडचणीत पडला.

"त्याचं असंय ताई, देणाऱ्याला फोटो पाठवावा लागतो. याच बाईचा, याच घरात. नाहीतर मशीन परत न्यावं लागेल मला." मग हळूच म्हणाला, "एक मिनिटाचं काम आहे. ते केसातलं चांदीचं जरा काढलं, कुंकू पुसलं..."

लालीबाईचा चेहरा असा झाला की तो वाक्य अर्धं टाकून मागं सरकला. पण देवीलाल मागून लंगडत आला होता. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "लाली, सुखीसाठी हाये. एक मिनिट काढली तर मी काय मरतो काय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या माणसाकडे पाहिलं नव्हतं इतक्या घृणेनं. "तुमीबी?" एवढंच म्हणाली.

तेव्हा सुखीबाई बोलली. तिला इतका वेळ कुणी विचारलंच नव्हतं. "मशीन मले पायजे," ती म्हणाली. "कायले काढतं याडी घुगरी? मी बसतो ना तठी. पदर खाली ओढून घेतो. तोंड कोण पाहते?"

आणि तसंच झालं. पडलेल्या भिंतीपुढं, काळ्या ओघळांच्या मधोमध, मशीन ठेवलं. सुखीबाई पदर हनुवटीपर्यंत ओढून मागं बसली. वाऱ्यानं पदर उडत होता म्हणून त्याचं टोक मागून कुणीतरी धरायला हवं होतं. ते लालीबाईनं धरलं, फोटोच्या बाहेर उभी राहून, दुसरीकडे तोंड फिरवून. तो माणूस म्हणाला, "छान." कागदावर अंगठा लागला. नाव लालीबाईचं, अंगठा सुखीबाईचा. सुखीबाईनं आणि मी मशीन उचलून गुलाबी घरात नेलं. परत आले तर लालीबाई रांजणापाशी बसून राखेनं हात घासत होती. घासून घासून लाल झाले तरी घासत होती.

"काई केलं नाई आपण वंगाळ, याडी," मी म्हणाले. "मशीन तर योग्य घरी गेलं."

"गेलं," ती म्हणाली. "पण माह्यावाल्या हाताची घिण येऊन राह्यली बाई मले."

मला तिला सांगायचं होतं, की कॅलेंडर मी काढलं होतं. सांगितलं नाही.

दिवाळीनंतर अब्बा आले. देवीलालला विटा-सिमेंटची भिंत घालून मोकळं व्हायचं होतं. अब्बांनी मान हलवली. "मातीले सिमेंट लावलं का ती आतून सडते, देवीलालभाऊ. पडलेली मातीच तुडवा वापस. माती मरत नसते." खांब त्यांनी एकेक ठोकून पाहिले. चौदाच्या चौदा ठणठणीत होते. मागच्या दोघांचा तळ फक्त ओलावला होता, तो त्यांनी वाळू दिला. बांबू मात्र बदलावे लागले, धुतले गेले होते.

तीच माती पुन्हा चाळली, तिच्यातले उंदरांचे सांगाडे वेचले, नवा गव्हांडा घातला. बैल आता थोडेच उरले होते, म्हणून तांड्यातल्या बायका-पुरुषांनी पायांनीच तुडवली. हिवाळाभर लालीबाईनं ताडपत्रीखाली स्वयंपाक केला. शाम एक दिवस मदतीला आला, तिनं त्याला टोपलं दिलं नाही. तो तासभर उभा राहून गेला.

फाल्गुनात भिंत पुरी झाली आणि लिपायला सुखीबाई न बोलावता आली. मशीन आल्यापासून दोघींचं बोलणं तुटल्यासारखं होतं. सुखीबाईला वाटायचं, याडीला आपली किळस आली. लालीबाईला ती किळस कुणाची हे नीट सांगता येत नव्हतं. त्या दिवशी एक आतून लिपत होती, एक बाहेरून. मी झरोक्यापाशी माती कालवून देत होते.

मधेच लालीबाईनं आतून विचारलं, "झंपर शिवतं म्हणे तू?"

"शिवतो. बाह्या वाकड्या येतात अजून."

"माह्यासाठी एक शिव. बाह्या वाकड्या चालतीन."

तेवढ्यात फाट्याकडून गाडीचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं अंगणातून शामची हाक. "काकी, पाव्हणे आले. टीव्हीवाले हायेत!"

दोघींपैकी कुणीही हात थांबवला नाही. लालीबाई भिंतीआडूनच म्हणाली, "घरात ओल हाये, सांग त्यायले. कोणी आत यायचं नाई." मग तिनं माझ्याकडून मातीचा आणखी एक गोळा मागून घेतला. बाहेर थोडा वेळ बोलण्याचा आवाज येत राहिला, कुणीतरी ओट्याच्या खांबांचं कौतुक केलं, कुणी शाळा कुठं आहे विचारलं. पाव तासानं गाडी वळली. सुखीबाईनं बाहेरच्या कोपऱ्यावरून शेवटचा हात फिरवला आणि म्हणाली, "इकडचं झालं."

"आत ये मग," लालीबाई म्हणाली, "वरचा पट्टा राह्यला. तुह्या हाताले उंची हाये."